बॅले कंपन्यांचे लघुनृत्यपट : नाचतो कोण, नर्तक की संकलक?

(चौघांची चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

तिसरी घंटा

२०२० साली नाट्यगृहांना कुलपे लागली आणि मोठमोठ्या बॅले कंपन्या कॅमेऱ्याकडे वळल्या. इंग्लिश नॅशनल बॅलेने पाच नव्या रचनांचे लघुपट केले, न्यूयॉर्क सिटी बॅलेने लिंकन सेंटरच्या परिसरात नव्या रचना चित्रित केल्या, तर सॅन फ्रान्सिस्को बॅलेच्या नर्तकांना घेऊन बेंजामिन मिलपिए यांनी त्या शहरातील प्रसिद्ध जागी 'डान्स ऑफ ड्रीम्स' केला. अडचणीच्या काळात हे करणे भागच होते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु नाट्यगृहे उघडल्यानंतरही असे लघुपट रंगमंचीय बॅलेच्या तोडीची कलाकृती म्हणून पुढे केले जातात, आणि तेथे माझा आक्षेप आहे.

'स्वान लेक' या बॅलेच्या तिसऱ्या अंकातील ओडिल या पात्राचे ३२ फुएते, म्हणजे एका पायावरच्या सलग गिरक्या, घ्या. एका पायाच्या टोकावर उभी राहून, दुसऱ्या पायाच्या झटक्याने वेग घेत, शक्यतो जागा न सोडता ती गिरक्या घेत राहते. विसाव्या गिरकीच्या सुमारास आधाराचा पाय सरकू लागतो की काय, याकडे सगळ्या नाट्यगृहाचे डोळे लागलेले असतात. आता सोळाव्या गिरकीनंतर एक कट द्या, चेहरा जवळून दाखवा आणि पुन्हा पायांकडे या. गिरक्या बत्तीसच भरतील, पण त्या एका दमात झाल्या की दोन दिवसांत, हे कळायला काहीच मार्ग उरणार नाही. (फुएते मोजत बसणाऱ्या प्रेक्षकांचे मला विशेष कौतुक नाही, पण न मोजणाऱ्यालाही तोल जाण्याची धास्ती जाणवतेच.) हॉलिवूडचा नर्तक-अभिनेता फ्रेड अ‍ॅस्टेअर काही बॅले नर्तक नव्हता, तरी नाच डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत दिसला पाहिजे आणि शक्य तितका सलग दिसला पाहिजे, असा त्याचा हट्ट असे. आजच्या लघुनृत्यपटांत संपूर्ण देह काही क्षण सलग दिसला तरी नशीब.

चौकटीबाहेर

तुमचा फुएतेचा दाखला बिनतोड आहे, पण तो रंगमंचासाठी बांधलेल्या नृत्याचा आहे. मुळात कॅमेऱ्यासाठी बांधलेल्या नृत्याला तो लागू होत नाही. चित्रपटकार माया डेरेन यांनी १९४५ साली केलेल्या अवघ्या काही मिनिटांच्या नृत्यपटात टॅली बीटी हा नर्तक रानात पाय उचलतो आणि तो पाय टेकतो एका घराच्या खोलीत. हालचाल एकच आहे, जागा मात्र दोन. तेथील कट काढून टाकला तर नृत्यातले एक पाऊलच गळून पडेल, म्हणजे तो कट हाच त्या रचनेचा भाग आहे.

हा बॅले नव्हे, असे तुम्ही म्हणाल, म्हणून नॉर्मन मॅक्लॅरेन यांचा १९६८ चा 'पा द दो' (म्हणजे द्वंद्वनृत्य) हा लघुपट घेऊ. त्यात ले ग्रां बॅले कॅनेडियन या कंपनीचे मार्गारेट मर्सिए आणि व्हिन्सेंट वॉरेन नाचतात, आणि नृत्यरचना आहे कंपनीच्या संस्थापिका लुडमिला किरियेफ यांची. काळी पार्श्वभूमी, पांढरे कपडे आणि केवळ मागून व बाजूने टाकलेला प्रकाश, त्यामुळे देहाच्या कडा तेवढ्या उजळतात. मग ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मवरची चित्रे दुसऱ्या फिल्मवर छापणाऱ्या यंत्रावर, तीच चित्रे थोड्या थोड्या अंतराने पुन्हा छापली आहेत, काही ठिकाणी अकरा वेळांपर्यंत. नर्तिका हात वर नेते तेव्हा त्या हाताने मागे टाकलेल्या सगळ्या जागा हवेत पंख्यासारख्या उलगडून राहतात, ती थांबते आणि तिच्या मागून येणाऱ्या तिच्याच प्रतिमा एकेक करून तिच्यात येऊन मिळतात. अतिशय संथ, शास्त्रशुद्ध बॅले आहे हा, आणि तो जगातल्या कुठल्याही रंगमंचावर दाखवता येणार नाही.

तिसरी घंटा

तो पट मलाही आवडतो. पण तो कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा आहे, बॅले कंपनीचा नव्हे. एका असामान्य चित्रपटकाराने दोन नर्तक मागून घेतले आणि उत्तम चित्रपट केला, यावरून बॅले कंपन्यांनी लघुपट करावेत हे कसे सिद्ध होते?

पाचवी पोझिशन

मला वादाचा मुद्दा थोडा बाजूला नेऊन भूमितीकडे न्यावासा वाटतो, कारण खरी अडचण तेथे आहे. बॅलेमधील देहाची प्रत्येक ठेवण समोर बसलेल्या प्रेक्षकाच्या हिशेबाने ठरलेली असते. क्रॉइझे आणि एफासे या दोन ठेवणींतला फरकच मुळी प्रेक्षकाला पाय एकमेकांवरून ओलांडलेले दिसतात की मोकळे, एवढ्यावर अवलंबून आहे. कॅमेरा नर्तकाभोवती फिरू लागला की 'समोर' नावाची गोष्टच उरत नाही. शिवाय रंगमंच प्रेक्षकांच्या जवळ येताना अरुंद होत नाही. कॅमेऱ्याचे क्षेत्र मात्र भिंगापाशी निमुळते असते आणि दूर जाताना रुंदावते, त्यामुळे पुढे आलेला नर्तक दोन पावले बाजूला सरकला तरी चौकटीबाहेर जातो.

याचा सर्वाधिक फटका कोर द बॅलेला, म्हणजे समूहाला बसतो. 'ला बायादेर' या बॅलेमधील छायांच्या प्रवेशात नर्तिका एकामागून एक उतरणीवरून येतात आणि प्रत्येक जणी तोच आराबेस्क (एका पायावर उभे राहून दुसरा मागे सरळ ताणण्याची ठेवण) पुन्हा करते. त्या प्रसंगाचा सगळा परिणाम न तुटणाऱ्या रांगेत आहे. कॅमेरा एखाद्या चेहऱ्यावर गेला रे गेला की रांग संपली, आणि सगळी रांग दाखवायला मागे गेला तर लहान पडद्यावर मुंग्या दिसतात. म्हणूनच बहुतेक लघुनृत्यपट एकट्याचे किंवा जोडीचे असतात. कंपनी पोसली जाते ती समूहाच्या जोरावर, आणि तिचे लघुपट मात्र समूहाला टाळतात, ही विसंगती चौकटीबाहेर यांनी विचारात घ्यावी.

चौकटीबाहेर

घेतली, पण ती पूर्ण खरी नाही. नृत्यरचनाकार जेरोम रॉबिन्स यांच्या १९५८ च्या 'एन. वाय. एक्स्पोर्ट : ओपस जॅझ' या बॅलेचा २०१० मध्ये चित्रपट झाला तो न्यूयॉर्क सिटी बॅलेच्याच एलन बार आणि शॉन सुओझी या दोन नर्तकांच्या पुढाकाराने. तेथे कंपनीचे तरुण नर्तक कॅनव्हासच्या बुटांत, न्यूयॉर्कच्या खऱ्याखुऱ्या जागांत समूहाने नाचतात. त्यातले द्वंद्वनृत्य चित्रित झाले ते ओसाड पडलेल्या, तण माजलेल्या हाय लाइनच्या उंच रेल्वेमार्गावर. रंगमंचावरील रंगवलेल्या पडद्यापुढे ते जेवढे एकाकी वाटेल त्याहून कितीतरी अधिक येथे वाटते, आणि ते श्रेय कॅमेऱ्याचे आहे.

पाचवी पोझिशन

पण तो पाऊण तासाचा आहे आणि त्यातली नृत्यरचना अर्धशतक आधी रंगमंचावर घासूनपुसून तयार झालेली होती. मी बोलत होतो ते खास लघुपटासाठी घाईने बांधलेल्या रचनांबद्दल.

लिब्रेटो

एक गोष्ट सगळेच विसरत आहेत : आवाज. उडी मारून खाली आल्यावर बुटांचा होणारा टपटप आवाज, उचलताना सुटलेला श्वास, हे लघुपटांतून पुसून टाकले जाते आणि वर निर्मळ संगीत चढवले जाते. वजन नसलेल्या माणसांचा नाच पाहिल्यासारखे वाटते. हे कॅमेऱ्याचे बंधन नाही, करणाऱ्यांची निवड आहे.

तिसरी घंटा

लिब्रेटो यांच्याशी पूर्ण सहमत. माझा आणखी एक मुद्दा असा की बॅले एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे शिकवून जातो. जुनी नर्तिका तालीमघरात उभी राहून नवीला सांगते की येथे श्वास घे, येथे घेऊ नकोस, आणि भूमिका पुढे चालते. लघुनृत्यपटात भूमिका पहिल्या नर्तकापाशीच गोठते. तो पुन्हा 'दाखवला' जाईल, पुन्हा नाचला जाणार नाही. कंपनीच्या भांडारात अशा वस्तूची भर पडली म्हणजे नेमके काय मिळाले?

चौकटीबाहेर

येथे घटनाच तुमच्या विरोधात आहेत. इंग्लिश नॅशनल बॅलेच्या ज्या पाच लघुपटांचा तुम्ही आरंभी उल्लेख केलात, त्यांतील 'जॉली फॉली' ही एरिएल स्मिथ यांची रचना २०२१ मध्ये 'रीयुनियन' या कार्यक्रमात लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहाच्या रंगमंचावर आली, आणि तिच्यासाठी स्मिथ यांना २०२२ चे ऑलिव्हिए हे ब्रिटिश रंगभूमीचे पारितोषिक मिळाले. पडद्यावरची रचना गोठली नाही, उलट चालती झाली.

दुसरे उदाहरण स्कॉटिश बॅलेचे. जेसिका राइट आणि मॉर्गन रुनाकर-टेम्पल या जोडीने त्या कंपनीसाठी आधी लघुनृत्यपट केले आणि २०२२ मध्ये पूर्ण लांबीचा 'कोपेलिया' केला, ज्यात छायाचित्रकार रंगमंचावर नर्तकांमध्ये फिरतो आणि तो टिपत असलेले दृश्य त्याच क्षणी मागे दिसते. लघुपटांवर बसलेला हात त्यांना तेथे उपयोगी पडला, असे मी म्हणेन.

पाचवी पोझिशन

रंगमंचावर कॅमेरा आणण्याची कल्पना डच नृत्यरचनाकार हान्स फान मानेन यांच्या १९७९ च्या 'लाइव्ह'मध्येही आहे. डच नॅशनल बॅलेच्या या रचनेत एक नर्तिका आणि तिचा पाठलाग करणारा छायाचित्रकार असतो, आणि प्रेक्षक तिला एकाच वेळी समोर आणि पडद्यावर पाहतात. शेवटी ती नाट्यगृहाबाहेर रस्त्यावर निघून जाते आणि प्रेक्षकांना ती फक्त पडद्यावर दिसत राहते. पण लक्षात घ्या, हे आत्ता, बाहेर, खरोखर घडते आहे, हे ठाऊक असल्यामुळेच रिकाम्या मंचापुढे बसलेले प्रेक्षक हलत नाहीत. तेच चित्रण आधी करून ठेवलेले असते तर? तुमच्या दोन्ही उदाहरणांतही शेवटी जिवंत प्रयोगच लागला.

चौकटीबाहेर

जिवंत प्रयोगाची जागा लघुपट घेतो, असा दावा मी केलेलाच नाही. माझे म्हणणे एवढेच की घाईने केलेल्या वाईट लघुपटांचा दोष माध्यमावर टाकू नये. नृत्यरचना पूर्ण झाल्यावर, शेवटच्या दोन दिवसांत छायाचित्रकाराला बोलावले तर तुम्ही वर्णन केलेलीच फाटाफूट होणार. संकलक पहिल्या तालमीपासून खोलीत असला आणि त्याला नर्तकांइतक्याच मात्रा पाठ असल्या, तर कट कुठे पडू नये हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

तिसरी घंटा

मग संकलकाला तालमीच्या वेळापत्रकात घेणाऱ्या कंपन्यांचे लघुपट मी अवश्य पाहीन. फुएते मात्र तेव्हाही सलगच हवेत.