मदत हवी आहे: उचलीच्या हिशेबाची बातमी लेखातून सांगावी, ध्वनिफितीतून की व्हिडिओतून?

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातून आम्ही काही जण एक साप्ताहिक आणि त्याच नावाचे यूट्यूब चॅनल चालवतो. ऊसतोड मजुरांनी मुकादमाकडून, म्हणजे कारखान्याला मजुरांची टोळी पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, हंगामाआधी घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) एका हंगामात का फिटत नाही, या विषयावर सध्या काम चालू आहे. साहित्य जमले आहे, पण ते कोणत्या रूपात मांडावे यावर आमच्यात एकमत होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्याजवळ मजूर जोडप्यांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण आहे, फडातली (तोड चालू असलेल्या उसाच्या शेतातली) आणि कोप्यांवरची (मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवरची) छायाचित्रे आहेत, थोडे चित्रीकरण आहे आणि एका कोयत्याने, म्हणजे नवराबायकोच्या जोडीने, स्वतः ठेवलेली हिशेबाची वही आहे. माझ्या मते बातमीचा जीव या वहीत आहे. शाळकरी वहीच्या पानांवर डावीकडे तारीख आणि तोडलेला ऊस, उजवीकडे ‘किराणा’, ‘दवाखाना’, ‘खाडा’ (कामावर न गेलेला दिवस) अशा नोंदी आणि त्यांचे आकडे आहेत. हंगाम संपतो तिथे बाकी काढली आहे, आणि पुढच्या हंगामाच्या पहिल्या पानावर नव्या उचलीच्याही आधी तीच बाकी पुन्हा लिहिली आहे.

चॅनल सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, लेख कोणी वाचत नाही, व्हिडिओ पाहिला जातो, तेव्हा पहाटेच्या फडापासून सुरुवात करून सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ करावा. त्यात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. परंतु मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई पडद्यावर दिसली की पाहणाऱ्याचे लक्ष कष्टांवरच खिळून राहते आणि हिशेब बाजूला पडतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली, तेव्हा त्या वाघिणींच्या चित्रांनी टंचाई क्षणात देशभर पोहोचवली. मांजरा धरण कोरडे का पडले, हे मात्र त्या चित्रांत नव्हते, ते ज्यांनी सविस्तर लिहिले त्यांच्याकडूनच कळले.

हिशेब तसा अवघड नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि तो टनाला साधारण ३६६ रुपयांवर गेला. हा दर धरला, तर एक लाखाची उचल फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. एका कोयत्याने रोज दोन टन तोडले, तरी त्याला १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने लागतात, आणि यात खर्ची (हंगामात घरखर्चासाठी घेतलेले पैसे), आजारपण, खाडा काहीच धरलेले नाही. हंगाम त्याआधीच आटोपला, तर पुढचे सांगायलाच नको. हे कागदावर दोन ओळींत कळते. कॅमेऱ्यासमोर कोणी बोलून दाखवले, तर तिसऱ्या आकड्याला माणूस व्हिडिओ पुढे सरकवतो.

अडचणी दोन आहेत. ज्यांची ही बातमी आहे ते मजूर सध्या कोल्हापूर, सांगली आणि बेळगावकडे फडात आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना लांबलचक मजकूर वाचण्याची सवय नाही, मोबाईलवर आलेला आवाज मात्र ते आवर्जून ऐकतात. दुसरी अडचण अशी की, वही देणाऱ्या जोडप्याची ओळख मुकादमाला पटता कामा नये. तेव्हा आशयाला योग्य असे रूप निवडावे, की वाचक-श्रोत्याला सोयीचे, आणि दोन्ही करायचे तर कोणत्या रूपात काय ठेवावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

रूप ठरवण्याआधी, वाचकाला ही बातमी पाहायची आहे, ऐकायची आहे की पडताळून पाहायची आहे, हा प्रश्न मी विचारतो. आकडा पडताळण्यासाठी मागे वळून पुन्हा बघावे लागते आणि ती सोय मजकुरात जितकी आहे तितकी व्हिडिओत नाही. म्हणून मूळ बातमी लेखच असावी, असे माझे मत आहे. त्यात एकच आकृती द्यावी: उचलीची रक्कम सर्वांत वर, आणि दर पंधरवड्याला ती किती खाली आली हे दाखवणारी रेघ. दवाखान्याच्या किंवा खाड्याच्या दिवशी ती रेघ जिथे वर चढते, तिथे वहीतला तोच शब्द लिहावा. स्थलांतराचा नकाशा काढण्याचा मोह होईल, तो टाळावा. बीडची माणसे कुठे जातात, हे आपल्या वाचकाला पाठ आहे. व्हिडिओ करायचाच असेल तर तो मिनिटभराचा करावा आणि त्यात फड न दाखवता एका पानाचा हिशेब दाखवावा.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, पण मजुरांसाठीची ध्वनिफीत हे दुय्यम काम समजू नये. चित्रकूटहून २००२ मध्ये छापील पत्र म्हणून सुरू झालेले ‘खबर लहरिया’ पुढे मोबाईलवरच्या व्हिडिओकडे वळले, कारण प्रेक्षकाच्या हातात काय आहे हे त्यांनी पाहिले. तुमच्याकडे तीन-चार मिनिटांची फीत व्हॉट्सॲपवरून सहज पोहोचेल. तांड्यांवरच्या बंजारा मजुरांसाठी ती गोरमाटीतही, म्हणजे त्यांच्या बोलीतही, करावी.

सुरक्षिततेबाबत मात्र फार काळजी घ्यावी लागेल. आवाज जाड किंवा बारीक केल्याने भागत नाही, तो बदल पुष्कळदा उलटवता येतो. त्यांचे बोलणे दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावे आणि तसे सुरुवातीलाच सांगावे. वहीच्या पानाचे छायाचित्र तर मुळीच छापू नये, कारण मुकादम अक्षर ओळखतो. पान पुन्हा टंकलिखित करावे. नेमके आकडेही ओळख देतात, तेव्हा रक्कम हजारांत पूर्णांक करावी आणि तारखांऐवजी ‘तिसरा आठवडा’ असे लिहावे. मोबाईलने काढलेल्या छायाचित्रांत ठिकाणाची माहिती दडलेली असू शकते, ती काढून टाकल्याशिवाय कोणालाही मूळ फाईल पाठवू नये.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. अक्षराचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. लेख, एक आकृती आणि वाचून घेतलेली ध्वनिफीत, असे आता ठरते आहे. एक प्रश्न उरतो. एका मुकादमाने कॅमेऱ्यासमोर मुलाखत दिली आहे. कारखान्याच्या करारात आपले नाव अडकते आणि टोळी पळाली की आपणच बुडतो, ही त्याची बाजू खोटी नाही. तो चेहऱ्यानिशी व्हिडिओत आणि मजूर बिनचेहऱ्याचे मजकुरात, असे झाले तर तोल जाणार नाही का?

प्रतिसाद १

जाईल. चेहरा दिसला की पाहणारा एक तर त्याच्यावर विश्वास ठेवतो, नाही तर त्याला आरोपी ठरवतो, आणि दोन्ही तुमच्या बातमीला मारक आहे. त्याची बाजूही लेखातच द्यावी. शिवाय जानेवारी २०२४ च्या त्याच वाटाघाटीत मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्के झाले, तेव्हा त्याच्याकडूनही आकडे मागावेत: कारखान्याकडून किती उचलले, किती वाटले, किती बुडाले. ते मिळाले तर मजुरांच्या आकृतीशेजारी त्याच मापाची दुसरी आकृती द्यावी. न मिळाले तर मागितले होते आणि दिले नाहीत, एवढे एका वाक्यात नोंदवावे. व्हिडिओ मुलाखत त्याला विचारून राखून ठेवावी, पुढच्या बातमीला ती लागेल.