हिडकलचे पाणी विजेसाठी अडवून ठेवले जाते का?

प्रश्न : घटप्रभाकाठ
आमची ऊसशेती गोकाक तालुक्यात, घटप्रभेच्या डाव्या कालव्यावर आहे. यंदा उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबली, तेव्हा गावात जो तो हेच म्हणत होता, की घटप्रभा नदीवरच्या हिडकल धरणात पाणी आहे, पण ते विजेसाठी राखले आहे. हे खरे आहे का? शिवाय 51 टीएमसीच्या (अब्ज घनफूट) हिडकलवर वीज अवघी 32 मेगावॉट आणि कोयनेवर 1,960 मेगावॉट, इतका फरक का असावा? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : निवृत्त पाटबंधारे कर्मचारी, हुक्केरी
जनित्र पाणी संपवत नाही. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या केंद्रात 16 मेगावॉटची दोन जनित्रे आहेत. त्यांना फिरवून बाहेर पडलेले पाणी घटप्रभेच्या पात्रात येते, पुढे धुपदाळच्या बंधाऱ्याशी अडते आणि तेथून आपल्याच डाव्या कालव्यात वळते. हा बंधारा 1897 सालचा, म्हणजे धरणाच्या कितीतरी आधीचा आहे. शेतीसाठी पाणी सुटते तेव्हा जाता जाता वीज मिळते. उन्हाळ्यात पाळी बंद असली, की जनित्रेही बहुधा थांबलेलीच असतात.

कोयनेशी तुलना करताना पाण्याच्या साठ्यापेक्षा ते किती उंचीवरून पडते, हे पाहावे. 40 मीटर उंचीवरून दहा हजार लिटरचा एक टँकर ओतला, तर जेमतेम एक युनिट वीज मिळते. कोयनेचे पाणी मात्र सह्याद्री ओलांडून कोकणातल्या पोफळीकडे साडेचारशे मीटरपेक्षा अधिक खाली उतरते, त्यामुळे तेवढ्याच टँकरातून दहापटीहून अधिक वीज निघते. मात्र ते पाणी कोकणातल्या वाशिष्ठी नदीत जाते आणि कृष्णा खोरे त्याला कायमचे मुकते. म्हणून वीज की शेती हा वाद तिकडे खरा आहे. माझ्या मते तिकडचेच बोलणे आपल्याकडे हिडकलच्या नावावर चिकटले आहे.

घटप्रभाकाठ
मनापासून आभार, काका. मग धरणात पाणी दिसत असूनही पाळी का लांबते?

उत्तर : बेळगावकर
दिसणारे सगळे पाणी वापरता येत नाही. विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराच्या, पातळीखालचा मृत साठा कालव्यात येऊच शकत नाही आणि त्यावरच्या पाण्यातून पावसाळा सुरू होईपर्यंत पिण्यासाठी काही भाग राखावा लागतो. आमच्या शहराला राकसकोप जलाशयाबरोबर हिडकलचेही पाणी मिळते, तेव्हा मे महिन्यातल्या तुमच्या अडचणीत आमच्या नळांचाही वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही पाळीची तारीख आधी जाहीर व्हावी, ही शेतकऱ्यांची मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते, कारण तारीख ठाऊक असेल तर उसाची लागण आणि खत यांचा मेळ घालता येतो.

पावसाळ्यात याच्या उलट अडचण असते. आंबोली-चंदगड पट्ट्यातला धुवांधार पाऊस घटप्रभा, ताम्रपर्णी आणि हिरण्यकेशी या नद्यांतून खाली येतो. जलाशय लवकर काठोकाठ भरला, तर पुढचा लोंढा सामावायला जागा उरत नाही आणि सांडव्याचे दरवाजे उघडावे लागतात. जागा राखून ठेवावी आणि पाऊस ओसरला, तर पुढच्या उन्हाळ्यात टंचाई येते. ऑगस्ट 2019 मध्ये गोकाकने पुराचे जे हाल सोसले, त्यानंतर ही जागा राखण्याला दुय्यम मानणे कोणालाही परवडणारे नाही.

उत्तर : संकेश्वरहून
पातळीचा अंदाज आम्ही हुन्नूरच्या विठ्ठल मंदिरावरून बांधतो. जलाशयात बुडालेले ते दगडी देऊळ पाणी ओसरले, की हळूहळू उघडे पडते. माझ्या आजोळची जमीनही याच पाण्याखाली गेली, त्यामुळे देवळाच्या पायऱ्या दिसू लागल्याचे कोणी सांगितले, की आई आधी कालव्याची चौकशी करते आणि मग दर्शनाला निघते.