गव्हर्नरलाच सस्पेंड केलेलं का कधी इंग्रजांनी?

कंदीपेढा_सातारा: काल राजवाड्यासमोर भेळ खाताना वाद झाला, मित्र म्हणतो इंग्रज आपल्या गव्हर्नरला कधीच हात लावत नसत, चौकश्या फक्त आपल्या राजांच्या. खरंय का हे?

जुनी_पोथी: नाही ओ. मॉरिशसचा इंग्रज सरकारचा गव्हर्नर जॉन पोप हेनेसी बघा. स्थानिक लोकांच्या बाजूने बोलायचा, त्यात हाताखालच्या क्लिफर्ड लॉइडशी रोजची खडाजंगी, मग लंडनने सर हर्क्युलिस रॉबिन्सनला चौकशीला धाडलं आणि त्याने १८८६ च्या डिसेंबरात ह्याला सस्पेंडच केला. पण गडी थेट लंडनला जाऊन भांडला, १८८७ मध्ये पद परत मिळालं आणि १८८९ ला मुदत संपवूनच उतरला.

चारभिंतीवाला: आणि आपल्या साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचं काय? १८३६ ला कमिशन बसवलं, कट केल्याचा आरोप, १८३९ ला गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं अर्ज करत बसले, पदरात काय पडलं? महाराज १८४७ ला काशीतच वारले. गोऱ्याला वर्षभरात खुर्ची परत, वा रे न्याय!

जुनी_पोथी: ते आहेच. पण हेनेसी आयरिश कॅथलिक, त्यांच्यातही तो जरा उपराच होता हां.

कंदीपेढा_सातारा: म्हणजे भेळेचे पैसे मित्रानेच द्यायचे, पण निम्मे 😄