छोट्या वाङ्मयीन अंकांसाठी लिहिणं : तुमचे अनुभव सांगा

रानवारा
दिवाळी अंकांची 'साहित्य पाठवा' आवाहनं यायला लागली आणि धुळ्याहून निघणारं पुरुषोत्तम पाटलांचं 'कवितारती', गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' आठवलं. मुंबई-पुण्याबाहेर बसून, आपल्या बोलीत लिहिणाऱ्याला जागा दिली ती अशाच अंकांनी. आजही तालुक्याच्या गावांतून अंक निघतात आणि लिहिणारेही भरपूर आहेत, पण पाठवायचं कसं इथे घोडं अडतं. लेखक, संपादक, अक्षरजुळणी करणारे सगळ्यांनी लिहा.

सुरुवात करतो. बोलीतल्या कथेसोबत अर्ध्या पानाची टीप जोडाच. कोणती बोली, कोणत्या भागातली, आणि 'चुकीचे' दिसणारे पण मुद्दाम तसेच ठेवलेले पंधरा-वीस शब्द. ही टीप संपादकापुरती न ठेवता मुद्रितशोधकापर्यंत पोचवा असं मेलमध्ये स्पष्ट लिहा. बोली 'शुद्ध' होते ती बहुतेक वेळा त्याच टेबलावर.

खारं पाणी
अगदी! 'माका', 'तुका'चं 'मला', 'तुला' झालं तर निदान लगेच दिसतं तरी. 'खंय'वरचा अनुस्वार उडाला तर पटकन लक्षातही येत नाही. आणि निवेदन प्रमाण, संवाद मालवणी असं असेल तर तेही टीपेत सांगा. नाहीतर अर्धं इकडे अर्धं तिकडे केलं जातं.

अक्षरजुळणी
फाँटबद्दल कुणीच कसं बोललं नाही अजून? युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली फाइल रूपांतरित केली की पहिला बळी जातो तो 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'चा. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. अहिराणीतलं 'ऱ्हायना' असेल तर ह वर रफार जाऊन बसतो. कारण असं की हा आडवा र काही जण र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह घालून उमटवतात. फाइल इकडून तिकडे जाताना ते चिन्ह गळतं. कीबोर्डवर 'ऱ' हे वेगळं अक्षर असेल तर तेच वापरा, ते टिकतं.

पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटून पाय मोडलेली दिसली तर फाँटला दोष देऊ नका. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये कंपोझर 'वर्ल्ड-रेडी' करा. त्याआधीच्या जुन्या पेजमेकरला युनिकोड कळतच नाही, तिथे काही उपाय नाही.

वर्ड फाइल आणि पीडीएफ दोन्ही पाठवा. वर्ड जुळणीला, पीडीएफ ताडून बघायला.

सायली_ताई
कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. कविता व्हॉट्सॲपवर टाकू नका! लांब ओळ फोनवर मोडून दोन ओळींसारखी दिसते आणि जुळणी करणारा तशाच दोन ओळी करतो. मुक्तछंदात ओळ कुठे तुटते यावरच सगळं असतं हो. पीडीएफ द्या आणि प्रत्येक कवितेखाली एकूण ओळी, कडवी लिहा. कविता पुढच्या पानावर जाणार असेल तर पान कडव्याच्या मधोमध नको, हेही सांगा.

झाडीपट्टी
रानवारा दादा, टीपेत नियमच लिहिला तर शब्दांची यादी छोटी होते. झाडीबोलीत ण चा न होतो, ळ चा र. डोळा म्हणजे 'डोरा'.

तूरडाळ
आमच्या वऱ्हाडात 'डोया' 🙂 भंडाऱ्याकडे 'डोरा' का?

झाडीपट्टी
हो ताई. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. नाटकं बघायला या एकदा हिवाळ्यात.

जुना अंकवाला
संपादकाची बाजू सांगतो. छपाई 16 पानांच्या फॉर्मात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यात होते. 64 पानांचा अंक म्हणजे बरोबर चार फॉर्म. एक कथा दोन पानं वाढली की 66 होतात, आणि मधल्या पिनेच्या बांधणीत पानं चारच्या पटीत लागतात, म्हणजे 68. कागद, छपाई, टपालाचं वजन सगळं वाढतं. म्हणून 'शब्दमर्यादा 2500' लिहिलेलं असतं तिथे 3200 शब्द आले की कथा चांगली असूनही मागे ठेवावी लागते. 1/8 डेमी या आकाराच्या पानावर साधारण 300 शब्द बसतात, त्यावरून आपल्या मजकुराची पानं मोजा.

नाव, पत्ता, पिनकोड, फोन फाइलच्या शेवटच्या पानावर हवाच. फाइल डाउनलोड झाली की मेल वेगळा पडतो आणि अंक कुठे पाठवायचा हेच कळत नाही.

पिंपळपान
काका, आधीच्या काळात सायक्लोस्टाइलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या यंत्रावर कसं जमायचं? 'शब्द' हे अनियतकालिक तसंच निघायचं ना, 1954 पासून?

जुना अंकवाला
हो, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांचं. टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचं, म्हणजे अक्षर थेट कापलं जातं. चूक झाली तर त्यावर पातळ द्रव लावून सुकवायचा आणि परत टाइप करायचं. जोर जास्त झाला की गोल अक्षरांची पोटं निघून यायची आणि छापताना तिथे काळा ठिपका. मजकूर कमीच ठेवावा लागे, त्यामुळे निवड फार कडक असे.

मोरपंखी
मानधनाचं पण बोला ना कुणीतरी. आणि छापून आल्यावर कथा अंकाची होते का?

वकीलसाहेब
नाही होत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवं. तुम्ही त्या अंकाच्या नोकरीत नसाल आणि काही लिहून दिलं नसेल तर हक्क तुमचाच. पुढे संग्रहात घ्या, फक्त 'पूर्वप्रसिद्धी' नोंदवा. मात्र तीच कथा एका वेळी दोन अंकांना देऊ नका. नकार कळवण्याइतकी माणसं छोट्या अंकांकडे नसतात, म्हणून पाठवतानाच लिहा : 'तीन महिन्यांत निर्णय न कळल्यास अन्यत्र पाठवेन.' मानधन बहुतेक ठिकाणी अंकाची एक प्रत. आधी विचारा, त्यात गैर काही नाही.

सायली_ताई
भात झाला. मुद्रितं तपासायला आली तर फोनवर 'पान 14 वर चूक आहे' असं सांगू नका. पान, परिच्छेद, ओळ, 'आहे' आणि 'हवे' असा तक्ता करा. आणि त्या वेळी नवीन वाक्यं घालू नका, पुढची सगळी पानं सरकतात.

तूरडाळ
झाडीपट्टी, नाटकं नक्की कधी सुरू होतात?

झाडीपट्टी
दिवाळीनंतर. धानाची कापणी झाली की जोर चढतो.