परड्यातला रायवळ आंबा: कधी उतरवायचा, आढी कशी घालायची?

कोयनाकाठ (कराड):
घरामागच्या परड्यात जुना रायवळ आंबा आहे. आतापर्यंत उतरवणं, आढी घालणं सगळं सासरे बघायचे. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून काम माझ्याकडे आलंय. यंदा झाड नुसतं लगडलंय. परवा वळीव झाला आणि सकाळी झाडाखाली कैऱ्यांचा सडा! राहिलेल्यांत तयार कोणता, कोवळा कोणता, कसं ओळखायचं? एक जण बांबूनं झोडपून पाडून देतो म्हणतोय. पडलेल्या कैऱ्यांचं लोणचं घालावं का?

शिराळ्याचा शेतकरी:
ताई, झोडपू अजिबात देऊ नका. मार बसलेला आंबा आज चांगला दिसतो, पण आढीत त्याच जागी काळा पडून सडतो आणि शेजारचे चार नासवतो. बांबूला जाळीचा झेला बांधा आणि देठ बोटभर ठेवून सकाळी उतरवा.

पाडाची वाट बघा. झाडावरच पिकून एखाद-दुसरा आंबा गळायला लागला की बाकीचा माल उतरायला आला. वळवानं पडलेली कैरी म्हणजे पाड नव्हे. तयार आंब्याचे खांदे भरतात, देठ खळग्यात बसल्यासारखा दिसतो. शंका आली तर बादलीभर पाण्यात सोडून बघा: तयार आंबा तळाला जातो, कोवळा तरंगतो. तरंगलेला आढीत घालू नका. तो पिकत नाही, सुरकुततो.

उतरवल्यावर देठ मोडून, तोंड खाली करून चीक निथळू द्या. सालीवर ओघळला तर डाग पडतो, ओठाला लागला तर ओठ उततात. मग धुऊन, सुकवून आढी घाला. हवेशीर खोलीत भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा एक थर, पुन्हा पेंढा, वर गोणपाट. दोन-तीन थरांच्या वर जाऊ नका, खाली उष्णता कोंडते. एक दिवसाआड हात घालून बघा, पिकलेले वेगळे काढा.

लवकर पिकावेत म्हणून कुणी कार्बाइडची पुडी देईल, ती घरात आणू नका. त्यावर बंदी आहे, शिवाय त्यात आर्सेनिकचा अंश असतो. त्यापेक्षा आढीत दोन पिकलेली केळी ठेवा.

खाली सडलेले आंबे तसेच ठेवू नका. फळमाशीच्या अळ्या त्यातून मातीत उतरतात, कोषातून नव्या माशा निघतात आणि उरलेल्या आंब्यांवर बसतात. सडके रोज गोळा करून खोल पुरा.

मिरजेची काकू:
लोणच्याला झाडावरून उतरवलेली, करकरीत कैरीच घ्या. आपटलेली मऊ पडते, फोड टिकत नाही. पडलेल्यांचं त्याच दिवशी पन्हं करा, गुळांबा करा, किंवा मार लागलेला भाग कापून उरलेल्याच्या चकत्या उन्हात वाळवून आमचूर करा. पुढं रायवळाचा रस निघेल, तो चाळणीतून गाळून तूप लावलेल्या ताटात पातळ ओता. एक थर वाळला की त्यावर दुसरा. आंबापोळीला हापूसपेक्षा रायवळाचा आंबटगोडपणा मला जास्त आवडतो. आभाळ भरलं की मात्र ताटं लगेच आत घ्या.

कोयनाकाठ (कराड):
खूप आभार, दादा आणि काकू. झोडपणाऱ्याला आत्ताच नाही सांगितलं. सासऱ्यांचा झेला माळ्यावर सापडलाय, जाळी तेवढी नवी विणायची आहे. आमच्याकडे भाताचा पेंढा नाही, उसाचं वाळलेलं पाचट चालेल का?

शिराळ्याचा शेतकरी:
चालेल, पण कोरडं खडखडीत हवं आणि पानांच्या कडा सालीला चरे पाडतात, म्हणून मध्ये जुनं धोतर किंवा सुती लुगडं अंथरा.