मदत हवी आहे: शिष्यवृत्तीचे अडकलेले पैसे आणि वर्गासाठी स्वस्त सूक्ष्मदर्शक

नमस्कार मंडळी. मी जत तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आमच्या काही मुलींची शिष्यवृत्ती मंजूर दिसते, पण खात्यावर जमा होत नाही. बँकेत विचारलं तर म्हणतात, "आधार जोडलेलं आहे की!" खरी गोम वेगळी आहे. नुसतं केवायसीला (ओळख पटवायला) आधार देणं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) खातं जोडलेलं असणं, या दोन गोष्टी वेगळ्या. एका आधारवर एकाच बँकेत पैसे येतात, आणि शेवटी जी बँक जोडली तीच धरली जाते. घरी कुणीतरी मध्येच मोबाइलवर मुलीच्या आधारवर दुसरं खातं उघडून जोडलं की पैसे तिकडे वळतात, आणि पालकांना पत्ताच नसतो.

मुलगी अल्पवयीन असेल तर जोडणी जुन्या खात्यावर परत आणायला बँकेत नेमकं काय द्यावं लागतं? आई ऊसतोडीला गेली असेल तर आजीची सही चालते का? सांगली-साताऱ्यात कुणी हे करून घेतलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

दुसरं, शास्त्रज्ञ मनु प्रकाश यांचा फोल्डस्कोप, म्हणजे घडी घालून बनवायचा कागदी सूक्ष्मदर्शक, वर्गासाठी घ्यायचा विचार आहे. सुमारे १४० पट मोठं दिसतं, मोबाइललाही चिकटवता येतो. कांद्याचा पापुद्रा, तळ्यातलं पाणी मुलींनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं असं फार वाटतं. रोज हाताळून तो किती टिकतो? एकदम जास्त नग कुठून मागवलेत?