बहरीनसारख्या छोट्या ठाण्यावर पाठवायचा साहेब इंग्रज कसा निवडत?

तिकीटसंग्रह_धरमपेठ:
नमस्कार मंडळी. माझ्या संग्रहात पंचम जॉर्जची भारतीय तिकिटं आहेत, त्यांवर काळ्या शाईत इंग्रजीत 'बहरीन' असं छापलंय. अशी तिकिटं कुवेतसाठी १९२३ पासून आणि बहरीनसाठी १९३३ पासून निघाली. पोस्ट आपलं, रुपयाही आपला, म्हणजे तिथला इंग्रज अधिकारीसुद्धा दिल्लीहूनच जात असणार ना? मोत्यांवर जगणारं एवढंसं बेट. तिथे कोणाला पाठवायचं हे काय बघून ठरायचं? आमच्या तिकीटवाल्या मंडळात मला यावर बोलायचंय. नावानिशी सांगाल तर फार बरं होईल. आणि यात नागपूरचा काही धागा सापडला तर सोन्याहून पिवळं.

महालातला_मास्तर:
ताई, अंदाज बरोबर आहे तुमचा. बहरीनचा पोलिटिकल एजंट, म्हणजे इंग्रज सरकारचा तिथला प्रतिनिधी, इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरच्या रेसिडेंटच्या, म्हणजे आखातातल्या वरच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली असे. ती रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारकडे होती, मग थेट भारत सरकारकडे गेली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी याच कागदांत बसलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तर तिथे साहेब जातच नव्हता. एकोणिसाव्या शतकात स्थानिक व्यापाऱ्यालाच एजंट नेमत. सुरुवातीला बनिये होते, पुढे सफर घराण्यातले लोक आले. यात सरकारचा खर्च वाचे, घर त्याचं, ओळखीही त्याच्याच. अडचण अशी की त्याचे स्वतःचे सौदे त्याच बाजारात चालत, मग तो बोलणार कोणाच्या बाजूने? १९०० मध्ये गॅस्किन नावाचा माणूस असिस्टंट म्हणून पाठवला, तोही बुशहरच्या कचेरीतलाच. १९०३ च्या अखेरीस व्हाइसरॉय कर्झन स्वतः आखातात फिरून आला. पुढच्याच वर्षी बहरीनला कॅप्टन प्रिडो आणि कुवेतला कॅप्टन नॉक्स, असे दोन लष्करी अधिकारी बसले. जर्मन आणि तुर्क तिकडे हातपाय पसरत होते, त्याची धास्ती होती.

आता निवड. असे एजंट आणि रेसिडेंट भारत सरकारच्या पोलिटिकल खात्यातून जात. त्यात काही जण आयसीएसमधून, म्हणजे मुलकी सेवेतून येत, पण साधारण दोन तृतीयांश लष्करातले. विसाव्या शतकात लष्करी उमेदवाराला वय सव्वीसच्या आत आणि लग्न झालेलं नको, अशी अट होती. निवड झाली की त्याला जिल्ह्यात उमेदवारी करायला धाडत. जमाबंदी, मॅजिस्ट्रेटचं काम, कायद्याची आणि भाषेची परीक्षा.

वाळूत जाणाऱ्या माणसाला हे कशाला? तर एजंट तिथे न्यायाधीशही होता. १९१३ च्या हुकमाने (अंमल १९१९ पासून) परदेशी लोकांचे खटले त्याच्यापुढे येऊ लागले आणि कायदा लावायचा तो आपलाच, म्हणजे इंडियन पीनल कोड. बहरीनच्या मनामा शहरातल्या बाजारातला सिंधी किंवा कच्छी व्यापारी उधारीची वही घेऊन त्याच्यासमोर उभा राहायचा. भंडाऱ्याच्या कचेरीत शिकलेली कलमं तिथे जशीच्या तशी चालायची.

पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: मोठ्या प्रांतात एक माणूस चुकीचा निघाला तर वर-खाली सावरणारे असतात. लहान ठाण्यावर तो एकटाच सरकार असतो. मेजर डेलीचंच घ्या. इराकमध्ये दिवानियाला असताना त्याच्या कडक कारभारावर १९२० च्या उठावाचं थोडंबहुत खापर फुटलं होतं. तोच माणूस १९२१ मध्ये बहरीनला एजंट म्हणून आला. १९२३ च्या मे महिन्यात बहरीनचा म्हातारा सत्ताधीश शेख ईसा याला बाजूला करून मुलगा हमद याच्या हाती कारभार दिला गेला. त्या वेळी प्रभारी रेसिडेंट कोण, तर तोच कुवेतचा जुना नॉक्स. बहारना, म्हणजे बेटावरच्या मूळच्या शिया शेतकऱ्यांना डेलीचा आधार वाटला, दवासिर टोळीला जाच झाला आणि त्यातले पुष्कळ बेट सोडून समोरच्या किनाऱ्यावर गेले. दुसरा कोणी असता तर हे असं घडलं असतं का? मला नाही वाटत.

बुटीबोरी_ते_मनामा:
सर, मी काही वर्षं मनामात नोकरीला होतो. तिथले जुने लोक बेलग्रेव्हचं नाव फार घ्यायचे. तो याच खात्यातला ना? आणि खरं सांगू का, निवड कसली, जो हाताशी असेल त्याला पाठवत असतील. जुलैत दुपारी रस्त्यावर पाऊल ठेवून बघा, कोण हौसेने जाईल तिकडे?

महालातला_मास्तर:
नाही भाऊ, बेलग्रेव्ह शेखचा सल्लागार, पगारही बहरीनच्या तिजोरीतून. १९२५ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छोटी जाहिरात आली होती, ती वाचून त्याने अर्ज केला. १९२६ ला आला आणि १९५७ पर्यंत राहिला.

हवेबद्दल तुमचं खरं आहे. आखात म्हटलं की बरेच अधिकारी नाक मुरडत, राजपुताना किंवा हैदराबाद मिळावं अशी इच्छा असे. पण जो हाताशी तो, हे सरसकट मानायला मी तयार नाही. १९२९ मध्ये कुवेतला पाठवलेला डिक्सन बैरूतमध्ये जन्मलेला, अरबी लहानपणापासूनची. त्याआधीचा कॅप्टन शेक्सपियर १९०९ पासून तिथे होता, वाळवंटात महिनोन्‌महिने फिरायचा. १९१५ च्या जानेवारीत, पुढे सौदी अरेबियाचा राजा झालेल्या इब्न सौदच्या फौजेबरोबर जराबच्या लढाईत मारला गेला. अशी माणसं मिळाली तिथे कामाचा दर्जाच वेगळा दिसतो.

तिकीटसंग्रह_धरमपेठ:
मास्तर, मनापासून आभार. आणि नागपूर?

महालातला_मास्तर:
आहे ना ताई! १८०३ मध्ये आडगाव आणि गाविलगडच्या लढायांत एल्फिन्स्टन हा इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बरोबर होता. देवगावचा तह झाल्यावर वेलस्लीच्या शिफारशीवरून भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून नेमला गेला. वय चोवीस. परीक्षा नाही, काही नाही, एका सेनापतीचा शब्द. त्याच्यानंतर जेन्किन्स आला, तो १८०७ पासून १८२७ पर्यंत इथेच. सीताबर्डीची १८१७ ची लढाई त्याच्याच काळातली. शिफारशीवरून परीक्षेपर्यंत पद्धत कशी सरकत गेली, ते या दोन टोकांवरून तुमच्या मंडळाला सांगता येईल.

बहरीन एजन्सीचे मूळ कागद कतार डिजिटल लायब्ररीवर फुकट वाचायला मिळतात, आर/१५/२ या क्रमांकाखाली. १९२१ ते २३ मधले आधी उघडा. डेलीची पत्रं वाचाल तेव्हा त्याच्या विरोधात आणि बाजूने आलेले अर्जही वाचा, ते एकत्र वाचल्याशिवाय मत बनवू नका. वाचताना कुठे अडलात तर इथेच विचारा.